गिरणीच्या पडवीतल्या काडीमोडी

भाताच्या गिरणीचं एक असतं. तांदूळ ज्याचा तो घेऊन जातो, कोंडा मागं राहतो. किश्शांचंही तसंच! माणसं माझ्या पडवीत आली, भांडली, रडली, मिटवून आपापल्या घरी गेली. किस्से मात्र राहिले माझ्याकडं. इतकी वर्षं झाडतेय, संपत नाहीत.

परवा नातसून सांगत होती, "आजी, हल्ली कोर्टात जायच्या आधी नवरा-बायकोला समोरासमोर बसवून बोलतं करतात. भांडण न करता वेगळं व्हायचं. नवीन पद्धत आहे."

"नवीन?" मी म्हटलं. "तुझा सासरा लंगोट नेसत होता तेव्हा ती पद्धत नसरापुरात माझ्या पडवीत चालू होती. फरक इतकाच, की आमच्याकडं टेबल नव्हतं, भाताची पोती होती!"

भोरचं संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. नवरा गेला आणि मला एक तान्हं पोर आणि एक ऑइल इंजिन ठेवून गेला. दीर म्हणाले, "वैनी, इंजिन विकून टाका. बाईला ते झेपायचं न्हाई."

मी म्हटलं, "तुमचे भाऊ झेपले मला. इंजिनाचं काय घेऊन बसलाय!"

मी शाळेत गेलेली नाही. गावात शाळा बांधली तेव्हा चुन्याची घमेली मात्र वाहिली. अक्षरं शिकले ती पोत्यांवरची नावं बघून. त्यामुळं मला आधी सगळ्या खोऱ्याची आडनावं वाचता यायला लागली आणि मग 'कमळ'. हे लिहिलंय ते माझं मी लिहिलंय. कुणाला आवडलं नाही तर त्यानं आपलं लिहावं.

आमच्या बैठकीत तिघं. एक तात्या गुरव, भैरोबाच्या देवळाचे. बोलायच्या आधी मोठ्यानं खाकरायचे आणि खाकरून झालं की बहुतेक वेळा बोलायचेच नाहीत. दुसरे रामभाऊ मास्तर. हे घरात पाणी मागायचे तेसुद्धा अर्ज केल्यासारखं. तिसरी मी. मला पंच कुणी केलं नाही. गिरणी माझी, पडवी माझी, बसायची पोती माझी. मला उठवणार कोण?

एकच गोष्ट मला मना होती. काडी. नवरा-बायकोचं जमत नाही असं दोन्हीकडून ठरलं, की पंचांनी पेंढ्यातली एक काडी घ्यायची, सगळ्यांसमोर मोडायची, एक तुकडा त्याच्या हातात, एक तिच्या. झाले मोकळे! ही काडी बाईनं मोडायची नाही, असं तात्यांचं म्हणणं.

"का?" मी विचारलं.

"रीत न्हाई."

"कुणाची?"

तात्या खाकरले.

*

बैठक कशी सुरू झाली, ते ऐका.

वेल्ह्याकडचा एक ग्यानबा आणि त्याची बायको चंद्रा. दोघांनी एकमेकांवर भोरच्या कोर्टात केस लावायचं ठरवलेलं. भोरची एस.टी. नसरापुरातून, आणि स्टँड म्हणजे माझ्या गिरणीसमोरचं मोकळं रान. उन्हाचं दोघं पडवीत आले. तो या टोकाला, ती त्या टोकाला, मधे माझी पोती. एस.टी. नवीनच सुरू झालेली, पण उशिरा यायचं तिला पहिल्या दिवसापासून जमत होतं.

दुपार झाली. चंद्रानं फडकं सोडलं. भाकरी, वर मिरचीचा ठेचा. ग्यानबा रस्त्याकडं बघायला लागला. इतका नीट बघायला लागला, की माझ्या लक्षात आलं, ह्यानं काही आणलेलं नाही.

चंद्रानं अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली. "त्यास्नी द्या. म्या दिली म्हनू नगा."

मला लपवाछपवी जमत नाही. मी सरळ सांगितलं, "घे. बायकोनं दिलीय."

"कशापायी?" ग्यानबा गुरकावला.

चंद्रा खांबाकडं तोंड करून म्हणाली, "आक्का, सांगा त्यास्नी, उपाशी मानसाला कोर्टात हरवलं तर लोक मला काय म्हनतील?"

ग्यानबानं खाल्ली. खाऊन म्हणाला, "ठेचा कमी हाय." तिनं ठेचा सरकवला. मग पाणी सरकवलं. मग मधलं पोतं आडवं येत होतं, म्हणून ती स्वतःच सरकली.

एवढ्यात एस.टी. आली. कंडक्टर ओरडला, "भोर! भोर! कोर्टवाले कोन हायत? वर सांगितलंय मला, दोन सीटा धरायला!"

मी म्हटलं, "जा तू. कोर्ट जेवतंय!"

तात्या आपलं भात कांडून घ्यायला आले होते. त्यांनी हे सगळं बघितलं, खाकरले, आणि त्या दिवशी चक्क बोलले, "आक्का, फुडच्या बाजारी आनिक एक जोडपं बसवू का हितं?"

*

पडवीतला एक नियम माझा होता. आवाज चढला, की मी इंजिन चालू करायची. मग ओरडा काय ओरडायचं ते! हातवारे करून करून माणसं दमायची. इंजिन बंद केलं, की शहाण्यासारखी बोलायची. मास्तर ह्याला 'तहकुबी' म्हणायचे.

उत्रोलीचा किसन, त्याची आई आणि त्याची बायको असे आले. आईचं म्हणणं, सुनेला रांधता येत नाही, तिला माहेरी धाडा. मास्तरांनी किसनला विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

"आई म्हनंल त्ये."

"आईचं ऐकलं. तुमचं?"

"आईनं सांगितलं की."

त्यावर सुनेच्या भावानं किसनला 'बुळ्या' म्हटलं, आईनं त्याला त्याहून मोठं काही म्हटलं, आणि मी उठून इंजिनाचा दांडा फिरवला. धडधड सुरू झाली. आई एकीकडं तोंड करून बसली. किसननं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि हळूच बायकोजवळ सरकला. तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी जीव तोडून ओरडायला लागला. ती नाही म्हणून मान हलवते, हा आणखी ओरडतो.

आणि इंजिनातलं तेल संपलं!

एकदम शांत. त्या शांततेत किसनचा आवाज अख्ख्या नसरापुरानं ऐकला:

"—तुज्या हातची कढी आईच्यापरीस लई ग्वाड हाय, पर म्या आईम्होरं कसं सांगू!"

तात्या खाकरायला विसरले. आई सावकाश वळली.

"आसं व्हय? मग माझी कढी एवढी वर्सं वरपून वरपून खात हुतास ती?"

किसन माझ्याकडं हात जोडून म्हणाला, "आक्का, पाया पडतो, इंजान चालू करा!"

*

वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातला बिरा आणि त्याची बायको लक्ष्मी. ह्यांचं मात्र खरंच बिनसलं होतं. दोघांनी शांतपणे ठरवलं, वेगळं व्हायचं. घर तिचं, मेंढरं निम्मी निम्मी. मास्तरांना फार आनंद झाला. "आदर्श वाटणी! कोर्टालाही असं जमलं नसतं."

कोर्टाला जमलं असतं की नाही ते माहीत नाही, मेंढरांना जमलं नाही. बिरा आपली निम्मी घेऊन पलीकडच्या टेपाडावर राहायला गेला. लक्ष्मीच्या वाड्यात एक मेंढी ओरडली, की त्याची सगळी कान टवकारून टेपाड उतरायची. हा मागनं काठी घेऊन. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली, पुन्हा उतरली.

सुगी झाल्यावर तो पडवीत आला. तात्यांनी विचारलं, "काय बिरा, मेंढरं कुठं?"

"तिच्याकडं."

"आनि तू?"

"म्या काय तिच्याकडं जात न्हाई बरं का, तात्या! एकदा मोडलं म्हंजी मोडलं."

"आरं पर ऱ्हातूस कुठं?"

"मेंढरांकडं!"

*

बैठकीचा बोभाटा झाला, तसे भोरचे एक वकील आमच्यावर चिडले. कोट घालून, भर उन्हात, खास मला झापायला आले. "तुम्हाला कायदा माहीत आहे का? कुठल्या अधिकारात बसता तुम्ही?"

"पोत्यावर बसते," मी म्हटलं. "बसा तुम्हीपण."

ते न बसता गेले. सहा महिने पुन्हा दिसले नाहीत. मग एकदा गिरणी बंद असताना मागच्या दारानं आले. कोट नव्हता. मंडळी माहेरी जाऊन बसल्या होत्या, येईनात. "आक्का, तुम्ही मध्यस्थी कराल का?"

मास्तर तिथंच होते. अशी संधी ते सोडतात होय? "उभय पक्षांनी न्यायालयात दाद का मागू नये, वकीलसाहेब?"

वकील कळवळून म्हणाले, "अहो मास्तर, मला ठाऊक आहे ना तिथं काय होतं ते!"

*

आता सगुणेचं सांगते.

सगुणा आणि मारुती, गुंजवण्याचे. दोघं एकाच छत्रीतून आले. मी म्हटलं, दळण-कांडण असेल. सगुणा पोत्यावर बसली आणि म्हणाली, "आक्का, आमास्नी येगळं व्हायचंय."

मास्तरांनी चष्मा लावला. "कारण?"

"कारन न्हाई."

"मारहाण?"

"न्हाई."

"पितो का?"

"ताक."

"दुसरीकडं लक्ष वगैरे?"

"मास्तर, त्यांचं हिकडं लक्ष नसतं, तर दुसरीकडं कुठनं आसंल!"

मग ती बोलायला लागली. नांदायला आली त्या दिवसापासून ती बोलतेय आणि हा ऐकतोय. शेतात, चुलीपाशी, वाटेनं. एकदाही उलटून शब्द नाही. "आक्का, डोंगरात हाक मारली तर डोंगरबी उत्तर देतो. मला घरात त्येवढंबी न्हाई."

मी मारुतीला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

त्यानं बराच वेळ विचार केला. "बराबर हाय तिचं."

"बगा!" सगुणा म्हणाली. "ह्येबी बराबरच! मानूस बरं हाय, आक्का. माझं न्हाई."

इतका वेळ आम्ही हसत होतो. त्यावर कुणी हसलं नाही.

मी मारुतीला म्हटलं, "तुला चालंल?"

तो म्हणाला, "तिचा जीव गुदमरतो. मला दिसतंय."

आमच्या पडवीत तोवर शिव्या देत वेगळे झालेले बघितले, रडत झालेले बघितले. एकमेकांचं बरं चिंतून वेगळं व्हायला आलेलं हे पहिलंच जोडपं. तात्यांना ते पटेचना.

पण तात्यांपेक्षा मोठी अडचण दोघांच्या बापांची. सगुणेचा बाप हैबती म्हणाला, "नवऱ्यानं छळलं म्हनून सुटली, तर पोर माझी. उजळ माथ्यानं घरी आनंन. उगं आपली मनानं निगाली, तर माज्या घराचं दार तिला बंद!" मारुतीच्या बापाचं उलटं. "बाई भांडकुदळ हुती म्हनून सोडली, तर ठीक. न्हाईतर पोराची नाचक्की." म्हणजे दोघांनाही दुसऱ्याचा दोष पाहिजे. तो पडवीत मिळाला नाही तर कोर्टातून मिळवू, यावर मात्र व्याही-व्याही एकदम एकमत!

म्हणजे सगुणेपुढं दोनच वाटा. या बऱ्या माणसावर खोटं कुभांड रचायचं, नाहीतर माहेर कायमचं तुटायचं.

*

मास्तरांनी तोड काढली. "आरोप करायचेच असतील तर पडवीत करा. एकदाच, किरकोळ. तिनं एक करावा, त्यानं एक करावा. वडील मंडळी तृप्त होतील, कोर्ट टळेल."

पण या दोघांना आरोप येणार कसे? मग आदल्या बाजारी आम्ही तालीम घेतली! मी, मास्तर, तात्या पोत्यांवर, ती दोघं समोर.

सगुणा त्याला शिकवायला लागली. "तुमी म्हना, म्या भाकरी करपवते."

"करपत न्हाई," मारुती म्हणाला.

"आवो, म्हनायचं!"

"करपत न्हाई तर."

"बरं, मग म्हना, म्या सासूला उलटून बोलायची."

"कदी?"

"आत्याबाई हुत्या तवा!"

"तवाबी न्हाई."

सगुणेनं कपाळावर हात मारला. "आक्का, ह्यास्नी एक धड खोटं येत न्हाई!"

मग मारुतीनं तिला मदत करायचं मनावर घेतलं. "तू म्हन, म्या मारतो."

"कशानं म्हनू?"

त्यानं विचार केला. "रुमन्यानं."

"नांगराचं रुमनं मोडलंय की आपलं."

"मग चाबकानं."

"चाबूक शेजारचा रामा घिऊन गेलाय."

"आजून दिला न्हाई त्यानं?"

"तुमी कुठं मागितला?"

"म्या मागंन."

"लई दिस झालं. पावसाच्या आदी घ्या मागून, वादी कुजवील त्यो."

असं त्यांचं चाबकाचं बोलणं रंगलं. मास्तर डोकं धरून बसले. "आक्का, हे एकमेकांविरुद्ध एकत्र तयारी करतायत!"

तात्या म्हणाले, "मला तर वाटाया लागलंय, आपून ह्यांचं परत लगीनच लावतोय."

सगुणेनं ते ऐकलं. तिचा चेहरा उतरला. "आज बोलले त्ये, तात्या. खोटं शिकवाया. घरी गेलो की परत गप."

मारुती मान खाली घालून म्हणाला, "व्हय."

*

बैठकीच्या दिवशी पडवी भरली. समोर दोन्ही बाप, फेटे बांधून, कान टवकारून. तात्यांच्या हातात काडी.

मास्तर म्हणाले, "सगुणाबाई, आपली तक्रार निवेदन करा."

सगुणा उभी राहिली. तिनं मारुतीकडं बघितलं. त्यानं मान हलवली, बोल म्हणून. तिनं तोंड उघडलं.

"ह्ये मला..."

पुढं काही येईना. हैबती पुढं वाकला. "बोल, पोरी! काय करतो तुला?"

"ह्ये मला..."

मारुतीला वाटलं, विसरली. हळूच म्हणाला, "रुमन्यानं."

अख्खी पडवी फुटली! तात्यांच्या डोळ्यांतून पाणी. हैबती तेवढा लालबुंद.

हसू ओसरलं, तशी सगुणा बापाकडं वळली. "आबा, म्या नाय बोलायची ह्यांच्यावर खोटं. ह्यांनी कदी फुलानं मारलं न्हाई. म्या माज्या मनानं निगालीय. दार लावायचं तर लावा."

हैबती उठला, चपला पायात घातल्या आणि गेला. मागं बघितलं नाही.

तात्यांनी काडी खाली ठेवली. "भांडान न्हाई, तक्रार न्हाई. मग काडी कशी मोडू? देवाला काय सांगू?"

मास्तर म्हणाले, "माझ्या वहीत कारणाचा रकाना कोरा ठेवता येत नाही, आक्का."

मारुतीचा बाप म्हणाला, "मग चला कोर्टात!"

मी उठले. काडी उचलली.

"आक्का!" तात्या ओरडले. "रीत—"

"रीतीला माझ्याकडं धाडा," मी म्हटलं. "तिचं काय म्हणणं असंल, ते मी पोत्यावर बसवून ऐकीन!"

आणि मी काडी मोडायला गेले तर काडी मोडेना! तात्यांनी कुठून तरी ओल्या पेंढ्यातली आणलेली. नुसती वाकली. सरळ केली, पुन्हा वाकली. पडवीत कुजबुज. "बगा, देवाच्या मनात न्हाई." मला घाम फुटला. मी काडीशी झटतेय आणि सगळं खोरं बघतंय.

मारुती उठला. कोपऱ्यातल्या पेंढीपाशी गेला, बोटांनी चाचपत चाचपत एक खडखडीत वाळलेली काडी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"ही घ्या."

सगुणा हसली. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हसतेय. "बगा आक्का! हितंबी ह्येच मदतीला!"

काडी मोडली. आवाज झाला की. पडवीच्या त्या टोकापर्यंत गेला.

तात्या आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण ते असेही बोलत नसत.

*

सगुणेचं दार खरंच बंद झालं. ती माझ्याकडं गिरणीत राहिली, पाखडायला, चाळायला. गिरणीला बोलणारं माणूस मिळालं. इंजिन चालू असलं तरी ती बोलायची. त्यांची एक पोरगी होती, बायडी. तिचा आमच्यात वाद झालाच नाही. एक आठवडा गुंजवण्याला बापाकडं, एक आठवडा नसरापुरात आईकडं. बाजारच्या दिवशी मारुती तिला हाताला धरून आणायचा, न्यायचा. आई-बाप तेवढ्यात काय ते बोलायचे, म्हणजे ती बोलायची.

मास्तरांच्या शाळेत एकदा तपासणीला साहेब आले. बायडी पुढच्या रांगेत. साहेबांनी विचारलं, "बाळ, तुझं घर कुठं?"

"ह्या बाजारापास्नंचं का मागल्या बाजारापास्नंचं?"

साहेब गोंधळले. मास्तर घामाघूम. साहेबांनी सोपं विचारायचं म्हणून विचारलं, "बरं, वडील काय करतात?"

"आईकत्यात."

"आणि आई?"

"बोलती!"

*

सगुणेचा पुढं पाट लागला. उत्रोलीचा शंकर, सुतार, बायको वारलेली. माणूस बोलका! रंधा मारता मारता बोलायचा. आम्ही म्हटलं, जोडी जमली. कसली जमते! हिचं वाक्य संपायच्या आत त्याचं सुरू, त्याचं संपायच्या आत हिचं. दिवाळीच्या पुढं-मागं कडाक्याचं वाजलं. आपल्याला ऐकूनच घेत नाहीत, असं दोघांचंही म्हणणं. आले पडवीत.

शंकरच्या बाजूनं उत्रोलीची माणसं ओळीनं बसली. चुलता, भाऊ, मामा. सगुणेच्या बाजूचं पोतं मोकळं.

हैबती त्या दिवशी बाजारात आलेला होता. मी निरोप धाडला. त्यानं उलटा धाडला, "मला मुलगी न्हाई."

सगुणेनं ते ऐकलं. ती बोलायची थांबली. मी तिला इतकी वर्षं बघतेय, असं गप्प कधी बघितलं नव्हतं.

मास्तर अवघडून म्हणाले, "रीतीप्रमाणे बाईच्या माहेरचं कुणीतरी पाहिजे. सगुणाबाई, तुमच्या बाजूनं कोण?"

उत्रोलीचा चुलता मिशीत हसला. मी उठणार होते, पण तात्यांनी हात धरला. "आक्का, तू पंच हायेस." इतक्या वर्षांनी मला पंच म्हणाले, तेही नको त्या वेळी!

मारुती पडवीच्या कडेला उभा होता. बाजारचा दिवस, बायडीला पोचवायला आलेला. त्यानं पोरीचा हात सोडला, चालत आला आणि त्या मोकळ्या पोत्याशेजारी उभा राहिला.

"म्या हाय."

चुलता उसळला. "तू? तुजी काडी मोडून किती दिस झालं!"

"व्हय."

"मग कंच्या नात्यानं हुबा ऱ्हायलास हितं?"

मारुती विचार करायला लागला. तात्या एकदा खाकरले. दुसऱ्यांदा खाकरले. चुलता म्हणाला, "बोल की! कोन तू हिचा?"

"म्या हिचं म्हायेर हाय."

चुलता उत्रोलीच्या माणसांकडं बघायला लागला.

शंकर इतका बोलका माणूस, पण त्यालाही काही सुचेना. त्यानं मारुतीकडं बघितलं, सगुणेकडं बघितलं. मग उठला, खांद्यावरच्या पंच्यानं समोरचं पोतं झटकलं आणि चुलत्याला म्हणाला, "काका, पाय घ्या की जरा आत! सासुरवाडीचं मानूस हुबं हाय, त्यास्नी बसाया जागा नगं का द्याया?"